विमानतळ ते कान्हेरी : एका जुन्या वाटेची हकिगत

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे विहार समितीने सांगितले तेव्हा आम्ही होकार दिला खरा. पण लिहायला बसल्यावर आधी एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा आम्हांला अधिकार पोचत नाही.

काही वर्षांपूर्वी श्रीलंकेचे एक भन्ते मुंबईत उतरले. सकाळी विमानतळावर यायचे आणि रात्रीच्या विमानाने नागपूरला दीक्षाभूमीच्या दर्शनाला जायचे, असा त्यांचा बेत होता. ओळखीतून निरोप आला, म्हणून आम्ही विहारातले चौघेजण फुले घेऊन सहारला हजर. चहापाणी झाल्यावर भन्ते म्हणाले, "कान्हेरी इथून जवळ आहे ना? आमच्याकडे पुस्तकांत वाचली आहे." आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, "जवळच की भन्ते, आपलीच लेणी आहेत!" टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याला कान्हेरी म्हटल्यावर समजेना. "नॅशनल पार्क बोलो ना, सफारीवाला" असे तोच म्हणाला. तासाभराने बोरिवलीच्या फाटकापाशी उतरलो तर फाटक बंद. पहारेकऱ्याने आमच्याकडे बघून विचारले, "आज सोमवार आहे, माहीत नाही का?"

माहीत नव्हते. सोमवारी हे उद्यान बंद असते ही साधी गोष्ट आमच्या चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. भन्ते रागावले नाहीत. फाटकाबाहेर उभे राहून त्यांनी डोंगराच्या दिशेने हात जोडले, हलक्या आवाजात त्रिशरण म्हटले. मग सहज विचारावे तसे विचारले, "तुम्ही स्वतः किती वेळा आला आहात?" एकजण शाळेच्या सहलीत आला होता. दुसरा लग्नाआधी मित्रांबरोबर, तेही पावसात भिजायला. उरलेले दोघे कधीच नाही. परतीच्या वाटेवर टॅक्सीत कोणी फारसे बोलले नाही.

त्यानंतर आम्ही पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले आणि मुख्य म्हणजे पायी फिरलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत. वाचकहो, विमानतळापासून कान्हेरीपर्यंतची वाट साधारण वीस-पंचवीस किलोमीटरची, पण तिच्यात पंधराशे-दोन हजार वर्षांचा आपला इतिहास पडलेला आहे, आणि आपण रोज त्यावरून नोकरीला जातो.

सुरुवात विमानतळापासूनच करू. धावपट्टीच्या खालून मिठी नदी वाहते. ही नदी येते विहार आणि पवई तलावांच्या बाजूने, म्हणजे ज्या डोंगररांगेत कान्हेरी आहे त्याच रांगेतल्या पाण्यातून. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, मिठीने पात्र सोडले आणि विमानतळ बंद पडला, हे आपण सर्वांनी भोगले आहे. हे लक्षात ठेवा, कारण पाण्याची गोष्ट वरती पुन्हा येणार आहे.

विमानतळापासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर, अंधेरी पूर्वेला, कोंडिविटे लेणी आहेत. लोक त्यांना महाकाली गुंफा म्हणतात, रस्त्याचे नावही तेच पडले आहे. पण ती बौद्ध लेणी आहेत. दोन बाजूंना मिळून एकोणीस. भन्त्यांना घेऊन आम्ही यांच्या इतक्या जवळून बोरिवलीकडे गेलो आणि कोणाच्या ध्यानीमनी नव्हते! इथले नवव्या क्रमांकाचे चैत्य मुद्दाम पाहावे. लांबट दालन आणि त्याच्या टोकाला खडकातच कोरलेली गोल झोपडी, तिच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या, आत स्तूप. बिहारमध्ये बराबरच्या डोंगरात सम्राट अशोकाच्या काळातली सुदामा गुंफा आहे, तिची मांडणी अशीच दालन आणि गोल खोलीची. पश्चिम भारतात हा प्रकार फारच क्वचित आढळतो. खिडकीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक लेख आहे; गोतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहाराचे दान दिल्याचा. म्हणजे संघाला दान देणाऱ्यांत सगळ्या थरांतले लोक होते. खडक मऊ असल्याने बरेच कोरीवकाम झिजले आहे. आम्ही तिथे उभे असताना डोक्यावरून विमान गेले, त्या घरघरीत बरोबरच्या मुलाला लेख वाचून दाखवणे थांबवावे लागले.

आता पुढचा रस्ता. पूर्वी विमानतळावरून बोरिवलीला जायचे म्हणजे टॅक्सी-रिक्षा नाहीतर अंधेरीहून लोकल, एवढेच होते. अलीकडे मेट्रोने सोय झाली आहे. भूमिगत मेट्रो ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तिचे स्थानक थेट टर्मिनल २ ला आहे. तिथून एकच स्थानक पुढे मरोळ नाका. मरोळ नाक्याला मेट्रो १ धरून वर्सोव्याच्या दिशेने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्थानकात उतरायचे, पुलावरून गुंदवलीला जायचे आणि तिथून मेट्रो ७ ने 'राष्ट्रीय उद्यान' स्थानक. ही ७ क्रमांकाची मार्गिका जानेवारी २०२३ पासून गुंदवलीपर्यंत पूर्ण चालू आहे. सामान जास्त असेल किंवा सोबत म्हातारी माणसे असतील तर सरळ हायवेने गाडीच बरी. तीन गाड्या बदलण्यात आजी-आजोबांचे गुडघे जातात.

या मेट्रोत एक स्थानक लागते, मागाठाणे. आपल्यापैकी कितीतरी जणांचे नातेवाईक तिथे राहतात. कान्हेरीच्या एका शिलालेखात संघाला दिलेल्या शेताचा उल्लेख आहे आणि ते शेत 'मगलठाण' गावात असल्याचे म्हटले आहे. अभ्यासकांनी हे मगलठाण म्हणजेच आजचे मागाठाणे असे ठरवले आहे. तिथेही बौद्ध लेणी आहेत, आज घरांच्या गराड्यात सापडलेली. अठराशे वर्षांपूर्वी ज्या जमिनीच्या उत्पन्नावर भिक्खुसंघाचा योगक्षेम चालला, तिचे नाव आज मेट्रोच्या डब्यात यंत्र पुकारते आणि आपण दाराकडे सरकतो! दर वेळी ते नाव ऐकले की आम्हांला आता गंमतही वाटते आणि काहीतरी आत हलतेही.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी आत सहा-सात किलोमीटर. उद्यानाची बस असते, भाड्याने सायकली मिळतात, पायीही जाता येते. पण ऊन चढण्याआधी निघावे आणि माकडांपुढे पिशवी उघडू नये. फाटकाजवळच्या भागाला कृष्णगिरी उपवन म्हणतात. हे नाव उगीच नाही. कान्हेरीचे जुने नाव कृष्णगिरी. प्राकृत लेखांत कण्हगिरी, कण्हसेल. काळा डोंगर. त्या 'कण्ह'चे पुढे कान्हेरी झाले. आणि आपण ज्याला लेणे म्हणतो तो शब्दही या शिलालेखांत 'लेण' म्हणूनच येतो. दोन हजार वर्षांत आपल्या तोंडून तो फारसा बदललेला नाही, हे बघा.

इतक्या आत, जंगलात, शंभराहून अधिक लेणी कोरली कशासाठी, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर नकाशात आहे. साष्टी बेटाच्या उत्तरेला सोपारा, पूर्वेला खाडीच्या वाटेने कल्याण, दक्षिणेला चौल, अशी ही बंदरे. रोम, इजिप्त, अरबस्तानाकडची गलबते या किनाऱ्याला लागत. त्या काळचे विमानतळ म्हणजे ही बंदरे. जहाजातून उतरलेला माल घाटांवरून नाशिक, जुन्नर, पैठणकडे जाई आणि त्या वाटांच्या आसपास लेणी कोरली गेली. कान्हेरीच्या शिलालेखांत कलियाण, सोपारक, चेमुल अशी गावांची नावे दात्यांच्या नावापुढे येतात. ही कल्याण, सोपारा आणि चौल. पावसाळ्यात भिक्खूंनी वर्षावास करायचा आणि गावाच्या फार जवळही नाही, फार दूरही नाही असे ठिकाण हवे. कान्हेरी अगदी तशीच जागा.

सोपाऱ्याचे नाव निघालेच आहे तर एक सांगून टाकतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला, त्यात धातुमंजूषा मिळाल्या. त्याच वर्षी तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखात आहे काय? पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला जात. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असे अशोक सांगतो. चौदा लेखांपैकी नेमका प्रवासाचाच लेख आपल्या दाराशी सापडावा! कान्हेरीच्या धबधब्याखाली स्पीकर लावून नाचणारी मंडळी पाहिली की हा लेख आठवतो. त्यांत परकेच असतात असे नाही. आमच्यातलाच एकजण लग्नाआधी त्याच कामासाठी गेला होता हे वर लिहिलेच आहे.

आता लेण्यांत जाऊ. तिकिटाची खिडकी सोडून वर आलात की पहिले लेणे अर्धवट कोरलेले. तिसरे म्हणजे महाचैत्य. दाराच्या दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंच उभ्या बुद्धमूर्ती, या नंतरच्या काळातल्या. चैत्य मूळचे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या वेळचे. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी ते कोरविले. आत चौतीस खांब आहेत आणि शेवटी स्तूप. खांब नीट पाहा : काहींवर कोरीव शीर्षे, स्तूपाची पूजा करणारी माणसे, हत्ती, आणि बाकीचे साधे अष्टकोनी, काम अर्ध्यात सोडलेले. का सोडले कोण जाणे. पैसा संपला असेल, काळ फिरला असेल. आपल्या विहाराचा वरचा मजला किती वर्षे सळया बाहेर काढून उभा होता ते ज्यांना आठवते त्यांना या खांबांचे नवल वाटणार नाही.

मोठमोठ्या मूर्तींचे फोटो सगळे काढतात. आमचे म्हणणे असे की लेण्यांच्या दाराशी खाली वाकून बघावे. बहुतेक प्रत्येक लेण्याशेजारी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. त्याला शिलालेखात 'पाणियपोढी' म्हटले आहे. सह्याद्रीतले गिर्यारोहक आजही पोढी म्हणतात. छतावर पडलेला पाऊस खडकात कोरलेल्या बारीक पन्हळीतून टाक्यात यावा, भरले की पुढे जावा, अशी योजना. खाली ओढ्यावर जुन्या बंधाऱ्याचे अवशेष आहेत. ज्या डोंगररांगेच्या पाण्याने २००५ मध्ये आपली घरे बुडवली, त्याच डोंगरावर शेकडो भिक्खू त्याच पावसात राहिले आणि उन्हाळ्यात त्याचेच पाणी प्याले.

ही टाकी कोणी दिली? पाचव्या लेण्याजवळच्या टाक्यावर संस्कृत लेख आहे, त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती महाक्षत्रपाची कन्या. तिच्या सतेरक नावाच्या अमात्याने हे टाके दिले. राजघराण्याचे दान म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याला मोठे स्थान आहे. पण दुसरे एक टाके कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराचे आहे. भिक्षुणींची दाने आहेत, गृहिणींची आहेत, आई-वडिलांच्या नावाने पुण्य लिहून ठेवणारी मुले आहेत. आणि एक लेख असा आहे की तो वाचल्यापासून आमच्या डोक्यातून जात नाही. कल्याणचाच एक लोहार, नाव नंद. प्राकृतात 'कमार'. चुंद कम्मारपुत्राची गोष्ट आपण ऐकलेली आहे, तोच हा शब्द. या नंद लोहाराने दान काय दिले? वाट. पथ. लेण्याकडे जाणारी वाट.

विचार करा. लोहाराची ऐपत लेणे कोरवण्याची नसेल, टाके खोदवण्याची नसेल. पण ज्या छिन्न्यांनी हा अख्खा डोंगर कोरला गेला त्या छिन्न्या कोणीतरी लोहारानेच तर पाजल्या, शेवटल्या. खडक फोडणाऱ्याची छिन्नी दिवसातून कितीदा बोथट होते ते पाथरवटाला विचारा. त्या माणसाला वाटले असेल, वर येणाऱ्याचा पाय घसरू नये. अशोकाने रस्त्याच्या कडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या असे आपण मुलांना शिकवतो. ते सम्राटाचे काम झाले. इथे कल्याणच्या भट्टीपुढला माणूस आपल्या कमाईतून वाट बांधतो आणि नाव कोरून ठेवतो.

कान्हेरी एका काळात झाली नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास आरंभ आणि पुढे हजार वर्षे वस्ती. त्रैकूटकांच्या काळातला, इ.स. ४९४-९५ चा एक ताम्रपट चैत्यासमोरच्या स्तूपातून १८३९ मध्ये डॉ. बर्ड यांना मिळाला; सिंधू देशातल्या बुद्धरुची नावाच्या उपासकाने हा स्तूप बांधल्याचे त्यात लिहिले होते. एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, भारतात अतिशय दुर्मिळ. नव्वदाव्या लेण्यात अवलोकितेश्वर संकटातून सोडवतो असा देखावा आहे : आग, हत्ती, सिंह, साप, चोर आणि बुडते गलबत. विमान वादळात हेलकावे खाऊ लागले की आपण हात जोडतो, तसेच त्या काळचा खलाशी जोडीत असणार.

राष्ट्रकूट काळात, शके ७७५ मध्ये, थेट गौड देशाचा, म्हणजे बंगालचा अविघ्नाकर नावाचा उपासक इथे येतो आणि भिक्खूंसाठी शंभर द्रम्मांची कायम ठेव ठेवतो. त्याआधीच्या शके ७६५ च्या लेखात दानाची वाटणी दिली आहे : बुद्धपूजेसाठी, विहाराच्या डागडुजीसाठी, चीवरांसाठी आणि पुस्तकांसाठी. आपल्या विहाराच्या जमाखर्चाची वही काढून बघा, मथळे जवळजवळ हेच आहेत. पुस्तकांचा आकडा तेव्हाही सर्वांत लहान होता. असो.

मग हळूहळू शांतता येते. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी मंडळी इथे आली आणि नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे, वडिलांच्या नावासह, कोरून गेली. आजही लोक नावे कोरतात. कुणाचे प्रेम खडकावर चिरडून ठेवतात. पण त्या पारशांच्या नावांनी निदान इतिहासाला तारीख दिली. त्यानंतर थोड्याच काळात इथली वस्ती सरली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा इथे भिक्खू नव्हते. 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' अशा कथा उरल्या. नंद लोहार आणि सामिदत्त सोनार भिंतीवर होते, पण त्यांची लिपी वाचणारे कोणी राहिले नव्हते. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास केला तेव्हा ती नावे पुन्हा बोलू लागली. आणि ज्यांना ती नावे आपली वाटावीत असे लोक या मातीत पुन्हा मोठ्या संख्येने उभे राहिले ते १९५६ नंतर. मध्ये नऊशे वर्षे गेली.

भन्त्यांच्या त्या भेटीनंतर पुढच्याच हिवाळ्यात आम्ही विहारातून बस केली. रविवारी, अर्थात. चाळीसएक माणसे, त्यात निम्मी मुले. डबे, पाण्याच्या बाटल्या, चादरी. चैत्यात सामूहिक वंदना झाली तेव्हा त्या दगडी छताखाली आवाज असा घुमला की मुलेसुद्धा गप्प झाली. मग अकराव्या लेण्यात, दोन लांब दगडी बाकांच्या दालनात, थोडे बसलो. सत्त्याऐंशीव्याकडे, जिथे दिवंगत थेरांच्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत, तिथे फक्त दहा-बाराजण येऊ शकले, बाकीचे दमले होते.

उतरताना आमच्या विहारातल्या सर्वांत वयस्क आजी एका पायरीवर टेकल्या. शेजारी बसून आम्ही त्यांना नंद लोहाराची गोष्ट सांगितली. आजींनी नीट ऐकून घेतली.

"लोहार होता म्हणता?"

"हो आजी. कल्याणचा."

"आमचे मालक पण लोहारखात्यातच होते, रेल्वेत. चौतीस वर्षं." मग पायरीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "नाव काय म्हणालात?"

"नंद."

आजी उठल्या, पदर खोचला आणि पुढे उड्या मारत चाललेल्या पोरांना ओरडल्या, "ए पोरांनो, हळू उतरा! नंदाची वाट आहे ती." पोरे थांबली, कोण नंद म्हणून विचारू लागली. तोवर खाली बसवाल्याने हॉर्न दिला. पाचच्या आत फाटकाबाहेर पडायचे होते, म्हणून बाकीची गोष्ट आजींनी त्यांना बसमध्ये सांगितली.